आठवीच्या मुलांना नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकाला न्यायचे आहे : दिवसभराचे नियोजन कसे करावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, धुळे तालुका

नमस्कार. यंदा आमच्या शाळेच्या आठवीच्या दोन्ही तुकड्यांची एक दिवसाची सहल स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित स्मारकाला न्यावी असे शिक्षकांच्या बैठकीत ठरले असून नियोजनाचे काम माझ्याकडे आले आहे. मुले-मुली मिळून 80 च्या आसपास आहेत आणि सहल डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात न्यायची आहे.

माझ्या मनात नंदुरबार आहे. आठवीच्या इतिहासात छोडो भारत चळवळीच्या पाठात शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांचा उल्लेख येतो. मिरवणुकीवरच्या गोळीबाराची ही घटना आपल्याच खानदेशात घडली आणि त्यात प्राण देणारी मुले शाळकरी होती, तरीही आमच्या मुलांना ती पाठ्यपुस्तकातल्या इतर कोणत्याही घटनेइतकीच दूरची वाटते. उत्तरपत्रिकेत पाचही नावे बिनचूक लिहिणाऱ्या मुलांपैकी कित्येक जण दिवाळीत नंदुरबारला मामाकडे किंवा आत्याकडे जाऊन येतात, जिथे ते स्मारक आहे त्या माणिक चौकातून खरेदीही करून येतात, पण तो चौक आणि पाठातली ओळ यांचा संबंध त्यांना लागत नाही. तो लागावा, एवढाच माझा हेतू आहे.

बैठकीत मात्र एक आक्षेप निघाला आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, स्मारक पाहायला पाच मिनिटे लागतात. मुले हार घालतील, घोषणा देतील, एक सामूहिक छायाचित्र होईल आणि त्यानंतर दिवसभर काय करायचे? त्यापेक्षा जळगावच्या गांधी तीर्थाला जावे, तिथे संग्रहालय आहे, झाडी आहे, मोकळी जागा आहे आणि मार्गदर्शनाची सोय आहे. काही पालकांनी तर खर्च करायचाच असेल तर सोबत एखादे वॉटर पार्कही जोडावे असे सुचवले आहे. मुलांना नंदुरबारमध्ये दिवसभर गुंतवून ठेवता येईल असे काय करता येईल, 80 मुलांना गजबजलेल्या बाजारपेठेत सांभाळायचे कसे, आणि धुळे ते नंदुरबार या रस्त्यावर याच विषयाशी जोडलेले आणखी काही आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, नंदुरबार

मॅडम, आपण नंदुरबारचा विचार केलात याचा मनापासून आनंद झाला. आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. नुसते पाहायचे म्हटले तर आमचे स्मारक खरोखरच पाच मिनिटांत पाहून होते. ते बागेत किंवा माळावर नसून भर वस्तीत, बाजारपेठेच्या मधोमध आहे. हिरवळ, कारंजे, बसायला ओटे अशी अपेक्षा ठेवून आलेल्या सहली दहा मिनिटांत परत गाडीत बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु मुले जिथे पडली त्याच जागी आपण उभे आहोत, ही गोष्ट कोणत्याही सुंदर उद्यानात मिळणार नाही, आणि दिवसाची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करावी असे मला वाटते.

तयारी सहलीच्या आधी किमान दोन आठवडे वर्गात सुरू व्हावी. मुलांना घटनाक्रम नीट माहीत असावा. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला, 9 ऑगस्टला पहाटे नेत्यांना अटक झाली आणि त्यानंतर बरोबर एक महिन्याने, 9 सप्टेंबर 1942 रोजी, नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं’ (झुकणार नाही, झुकणार नाही, भारतभूमीचे निशाण) ही त्यांची घोषणा गुजरातीत होती, कारण त्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरात गुजराती बोलली जात असे. पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म 28 डिसेंबर 1926 चा, म्हणजे त्याला सोळावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. आपली आठवीची मुले तेरा-चौदा वर्षांची असतील. हे अंतर त्यांनाच मोजायला सांगावे, आपण सांगू नये. मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. वर्गातल्या मुलींना हा भाग आवर्जून सांगावा, कारण पाठ वाचताना मिरवणुकीत मुलीही होत्या हे त्यांच्या लक्षात येत नाही.

वर्गाचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाकडे एकेक हुतात्मा सोपवावा. यात एक अडचण लगेच उभी राहील. शिरीषकुमारबद्दल माहिती मिळेल, परंतु उरलेल्या चौघांबद्दल नावापलीकडे फारसे हाती लागणार नाही. ही अडचण लपवू नये. ‘आम्हाला याच्याबद्दल काही सापडले नाही, मग आता कोणाला विचारायचे?’ हा प्रश्न घेऊन आलेला गट नंदुरबारमध्ये डोळे उघडे ठेवून फिरतो. शिरीषकुमारची माहिती पाठ करून आलेला गट मात्र पुष्कळदा ती म्हणून दाखवतो आणि मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. धुळ्याहून नंदुरबार 90 ते 100 किलोमीटर आहे, तेव्हा सकाळी सहाला निघालात तर साडेआठ-नऊपर्यंत पोहोचाल. ही वेळ सांभाळणे फार महत्त्वाचे आहे, कारण दुकाने उघडण्याआधी चौक मोकळा असतो. दहानंतर हातगाड्या, दुचाकी आणि गिऱ्हाइकांची वर्दळ वाढली की 80 मुलांना तिथे उभे करणे त्यांच्याही सोयीचे नाही आणि व्यापाऱ्यांच्याही. गाड्या मुख्य रस्त्यालाच थांबवून तिथून मुलांना रांगेने चालत न्यावे.

स्मारकाजवळ गेल्यावर आधी काहीही बोलू नये. प्रत्येक मुलाने वही काढून तिथे जे कोरलेले आहे ते स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावे. मोबाइलने टिपलेले छायाचित्र कोणी परत उघडून पाहत नाही. हाताने लिहिताना मात्र मुलगा एकेका अक्षराजवळ थांबतो. एक मुलगी नाव उतरवता उतरवता मध्येच थांबून शेजारच्या मुलीला ‘हा तर आपल्या दादाएवढा होता’ असे हळूच म्हणाली, ते माझ्या आजही लक्षात आहे. तेवढ्यासाठी एवढा प्रवास करावा, असे मला वाटते.

त्यानंतर गटागटाने परिसराचा कच्चा नकाशा काढून घ्यावा. चौकाला किती रस्ते येऊन मिळतात, प्रत्येक गल्ली किती पावले रुंद आहे, शंभर-दोनशे मुलांची मिरवणूक आली आणि समोर पोलीस उभे राहिले तर मागे वळायला जागा कुठे आहे, बाजूला सरायला वाट कुठे आहे, हे मुलांनी पावलांनी मोजून कागदावर मांडावे. आजच्या इमारती 1942 मधल्या नाहीत, हे त्यांना आधी सांगावे. तरी चौकात उभे राहून चहूबाजूंना पाहिले की अरुंद जागी गोळीबार होणे म्हणजे काय, ते कोणत्याही वर्णनावाचून कळते. भूगोलाच्या शिक्षकांना सोबत घेतलेत तर याच कामाची त्यांच्या विषयाची क्षेत्रभेट म्हणूनही नोंद करता येईल. या सगळ्यात दीड तास सहज जातो.

दोन गोष्टी मात्र करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळीबाराचा प्रसंग मुलांकडून चौकात वठवून घेऊ नये. मुले त्यात रमतात, पण मरणाचा खेळ होतो आणि पाहणारे टाळ्या वाजवतात. आणि ओळीने भाषणे ठेवू नयेत. पाच गटांतल्या एकेका विद्यार्थ्याने आपापल्या हुतात्म्याचे नाव आणि त्याच्याविषयी जे खात्रीने कळले आहे तेवढेच मोठ्याने वाचावे, मग दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. तेवढे पुरते.

उत्तर : इतिहास शिक्षक, जळगाव

वरील सरांच्या उत्तराबद्दल आदर राखून मी गांधी तीर्थाची बाजू थोडी मांडतो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख काहीसा करमणुकीच्या ठिकाणासारखा झाला आहे आणि ते तसे नाही. जळगावजवळच्या जैन हिल्सवरील हे केंद्र 25 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. गांधीजींचे आयुष्य तिथे दालनादालनांतून क्रमाने उलगडत जाते, आणि सहलीच्या व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले तर पाणी, स्वच्छतागृहे, सावली आणि बसायला जागा या चारही गोष्टी एका ठिकाणी मिळतात. पहिल्यांदाच सहल नेणाऱ्या शिक्षकाला याचे मोल कळते.

तरीही मॅडम, आपण जो हेतू लिहिला आहे तो पाहता यंदा आपण नंदुरबारलाच जावे, असे मी सुचवेन. गांधी तीर्थात एका मोठ्या आयुष्याचा आणि मोठ्या देशाचा इतिहास समोर येतो. त्यासाठी मुलांची थोडी अधिक तयारी लागते, आणि नववी-दहावीत ती झालेली असते. पुढच्या वर्षी हीच मुले नववीत जातील तेव्हा गांधी तीर्थ आणि फैजपूर यांची जोड करून पाहा. यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते. धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले होते, आणि अधिवेशननगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या साहित्यातून केली होती. सकाळी फैजपूर आणि दुपारी गांधी तीर्थ असा क्रम ठेवला तर आपल्या गावाशेजारून सुरू झालेली गोष्ट देशापर्यंत कशी पोहोचते, हे मुलांना दिसते.

वॉटर पार्कबद्दल एकच सांगतो. त्याची सहल वेगळी काढावी, त्यात गैर काही नाही. परंतु ज्या दिवशी संध्याकाळी पाण्यात खेळायला जायचे आहे हे मुलांना ठाऊक असते, त्या दिवशी सकाळपासून त्यांचे लक्ष घड्याळाकडेच असते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नकाशाची कल्पना मला फारच आवडली आणि भूगोलाच्या सरांनी ती ऐकताच सोबत यायचे कबूलही केले. आता दोन शंका उरतात. सकाळी अकरापर्यंत चौकातले काम आटोपले तर जेवण आणि दुपार यांचे काय करावे? आणि आमच्या एका सहकाऱ्यांच्या मते सहल डिसेंबरऐवजी पुढच्या वर्षी 9 सप्टेंबरलाच न्यावी, म्हणजे मुलांना तिथला अभिवादनाचा कार्यक्रमही पाहता येईल. याबद्दल आपले मत काय आहे?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, नंदुरबार

मॅडम, 9 सप्टेंबरला मान्यवर, वाद्ये, शहरातल्या शाळांच्या प्रभातफेऱ्या आणि गर्दी असते. तो दिवस नंदुरबारकरांच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि एखादे वर्ष आपण शिक्षकांनी त्या दिवशी जरूर यावे. बाहेरगावच्या 80 मुलांना मात्र त्या गर्दीत स्मारकाजवळ दहा मिनिटेसुद्धा निवांत मिळणार नाहीत, आणि सप्टेंबरात पावसाचाही भरवसा नसतो. डिसेंबरच योग्य आहे. शिरीषकुमारचा जन्मदिवस त्याच महिन्यात येतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

दुपारसाठी नंदुरबारमधील एखाद्या माध्यमिक शाळेला आपल्या मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र पाठवावे आणि जेवणासाठी मैदान, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहांची परवानगी मागावी. मुलींच्या दृष्टीने ही सोय सर्वांत आधी पाहायला हवी. बाजारपेठेत ती होत नाही, आणि सोय नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे शिक्षकांच्या लक्षातही येत नाही. त्याच पत्रात आणखी एक विनंती करावी, की जेवणानंतर तासभर त्या शाळेच्या आठवीच्या मुलांसोबत आपल्या मुलांना बसू द्यावे. सकाळी काढलेले नकाशे त्यांना दाखवावेत आणि आपल्या घरी या घटनेबद्दल काय सांगितले जाते, हे त्यांना विचारावे. चौघा हुतात्म्यांबद्दल पुस्तकात न मिळालेली एखादी गोष्ट अशा गप्पांत निघते. तिची नोंद मात्र ‘ऐकलेली माहिती’ अशीच व्हावी, म्हणजे लिहिलेला पुरावा आणि सांगोवांगी यांतला फरक मुलांना आपोआप कळू लागेल.

रस्त्याबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मागे राहून गेले होते. आपण चिमठाणे-दोंडाईचा मार्गाने याल. 1942 मध्ये धुळे आणि नंदुरबार हे दोन्ही पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठिकाण धुळे होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. त्यामुळे सरकारी खजिना धुळ्याहून याच रस्त्याने नंदुरबारकडे जात असे. 14 एप्रिल 1944 रोजी शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी तो खजिना लुटला. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर लोकांचे सरकार, चालू होते त्याला पैशांची निकड होती, आणि जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तिकडचे तरुण इथल्या साथीदारांच्या मदतीने या कामगिरीवर आले होते. त्या घटनेचे स्मारक चिमठाणे परिसरात आहे. जाताना तिथे थांबू नये, परतताना थांबावे. घटनेचा काळही नंतरचा आहे, आणि निःशस्त्र मिरवणूक व सशस्त्र लूट असे दोन मार्ग एकाच दिवसात पाहिल्यावर मुलांना जे प्रश्न पडतील त्यांच्यावर उरलेल्या रस्त्यात गाडीत बोलता येईल. त्यातला कोणता मार्ग बरोबर, याचा निकाल शिक्षकांनी देऊन टाकू नये.

उत्तर : आश्रमशाळा शिक्षिका, तळोदा तालुका

ताई, तुमच्या सहलीला माझ्या शुभेच्छा. या सगळ्या चर्चेत एक नाव आलेले नाही, म्हणून लिहीत आहे. आमच्या तळोदा तालुक्यात रावलापाणी आहे. गुलाम महाराजांनी सातपुड्याच्या या भागातल्या आदिवासींमध्ये दारू सोडा, चोरी करू नका, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा असे सांगत मोठी जागृती केली. ‘आप की जय’ म्हणत हजारो लोक एकत्र येऊ लागले आणि त्या एकत्र येण्याचीच सरकारला धास्ती वाटू लागली. गुलाम महाराजांच्या पश्चात त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे काम पुढे चालवले. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणीला जमलेल्या या लोकांवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात आदिवासी बांधवांचे प्राण गेले. नंदुरबारच्या घटनेला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

तुमच्या एका दिवसात रावलापाणी बसणार नाही. नंदुरबारहून तापी ओलांडून तळोद्याकडे यावे लागते आणि पुढचा रस्ता डोंगराचा आहे, त्यामुळे ओढूनताणून ते जोडू नका. माझी विनंती इतकीच आहे की माणिक चौकात उभे असताना मुलांना हेही सांगा, की याच जिल्ह्यात, त्याच काळात, आणखी काही माणसे अशीच मारली गेली, आणि त्यांची नावे आपल्या पाठात नाहीत. आमच्या शाळेत भिल्ल आणि पावरा मुले आहेत. शिरीषकुमारचा पाठ ती मन लावून वाचतात, पण रावलापाणीची गोष्ट एखाद्या मुलाने आपल्या आजोबांकडून ऐकून वर्गात सांगितली की इतर मुलांची बसण्याची पद्धतच बदलते; मागच्या बाकावरची मुले उठून पुढे येऊन बसतात. तुमच्या वर्गातही आदिवासी मुले असतील. नंदुरबारच्या चौकात त्यांच्याही माणसांचा उल्लेख झाला तर ती सहल त्यांचीही होईल. पुढे कधी दोन दिवसांची सहल काढलीत तर आमच्याकडे जरूर या. वाट दाखवायला आणि घटना सांगू शकतील अशा वडीलधाऱ्यांची गाठ घालून द्यायला मी सोबत असेन.

उत्तर : क्रीडाशिक्षक, शिरपूर

व्यवस्थेबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या शाळेत हे काम माझ्याकडे असते. वाहन एसटीचेच घ्यावे. शाळेच्या शिक्क्याचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी आगार व्यवस्थापकांकडे दिली की प्रासंगिक कराराने, म्हणजे सहलीपुरती पूर्ण गाडी भाड्याने मिळते आणि शालेय सहलीसाठी भाड्यात निम्मी सवलत असते. डिसेंबरमध्ये सगळ्याच शाळांची मागणी एकदम येते, म्हणून नोंदणी आताच करावी आणि पत्रात चिमठाण्याच्या थांब्यासह सगळे थांबे व त्यांचा वेळ लिहून द्यावा, म्हणजे ऐनवेळी चालकाशी वाद होत नाही. मुले 80 असतील तर दोन गाड्या लागतील. शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतीपत्र हाती आल्याशिवाय पैसे गोळा करू नयेत.

दहा मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठेवा आणि ती दहा मुले दिवसभर त्याच शिक्षकाकडे राहू द्या. प्रत्येक वेळी 80 मुलांची हजेरी घेण्यात अर्धा दिवस जातो. दहांची मोजणी चालता चालता होते. दोन्ही गाड्यांत शिक्षिका हव्यात. गाडी लागणारी मुले आधीच विचारून पुढच्या बाकांवर बसवावीत. डिसेंबरात धुळ्याकडची पहाट किती बोचरी असते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी सक्तीची करा. जेवण बाहेर न घेता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणायला सांगा. ती दुपारपर्यंत टिकते आणि खर्चही वाचतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारी हा नंदुरबारला मिरचीचा हंगाम असतो. शहराच्या आसपास पथारींवर लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि वाऱ्याची झुळूक आली की खाट घशात जाते. मुलांना ते दृश्य दाखवण्यासारखे आहे, परंतु दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेली मुले कोणती, हे पालकांकडून लेखी घ्या, त्यांची औषधे शिक्षकांजवळ ठेवा आणि त्या टप्प्यात गाडीच्या खिडक्या बंद करा.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपल्या सर्वांच्या उत्तरांच्या प्रती काढून मी आजच्या बैठकीत ठेवल्या आणि नंदुरबारचे नक्की झाले. पाच मिनिटांत पाहून होणाऱ्या स्मारकाचा आक्षेप ज्यांनी घेतला होता, त्याच सहकाऱ्यांनी लालदास शहा यांचा गट स्वतःकडे मागून घेतला आहे. सकाळी सहाला निघून नऊच्या आत चौकात पोहोचायचे, अकरापर्यंत उतारा, नकाशा आणि नामवाचन संपवायचे, त्यानंतर स्थानिक शाळेत जेवण आणि तिथल्या मुलांशी गप्पा, तीनच्या सुमारास परतीला लागून चिमठाण्याला थांबा आणि अंधार पडेपर्यंत गावात, असा क्रम ठरवला आहे. वॉटर पार्कची मागणी करणाऱ्या पालकांना मी स्वतः भेटून हा आराखडा दाखवणार आहे.

तळोद्याच्या ताईंनी लिहिलेले वाचून बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. रावलापाणीची माहिती सहलीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात सांगायची आणि चौकात पाच नावांनंतर रावलापाणीच्या हुतात्म्यांचाही उल्लेख करायचा, असे आम्ही ठरवले आहे. ताई, आमच्या मुलांनी तुमच्या मुलांना पत्रे लिहिली आणि त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी विचारल्या तर चालेल का? मुलांच्या हाताने लिहिलेली उत्तरे आली तर सहलीच्या हस्तलिखितात ती तशीच लावता येतील.

उत्तर : आश्रमशाळा शिक्षिका, तळोदा तालुका

अवश्य पाठवा, ताई. शक्य असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत मुले पाड्यांवर घरी गेलेली असतात, तेव्हाच वडीलधाऱ्यांना विचारून यायला मी त्यांना आधीपासून सांगून ठेवते. काही मुले मराठीत अडखळतात. ती त्यांच्या बोलीत सांगतील आणि मोठ्या वर्गातली मुले ते मराठीत लिहून देतील. उत्तरांसोबत रावलापाणीच्या वाटेचा मुलांनी काढलेला नकाशाही पाठवू.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, नंदुरबार

मॅडम, शाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा मला दाखवलात तर पाहून देतो. त्यात मुला-मुलींची संख्या वेगवेगळी लिहा आणि पोहोचण्याची वेळ नक्की कळवा, कारण सकाळच्या सत्राची मुले सुटल्यावरच मैदान मोकळे होते. गाड्या मुख्य रस्त्याला लागल्या की मी तिथे हजर असेन. चौकापर्यंतच्या गल्ल्या मला पाठ आहेत, तेव्हा मुलांच्या रांगेच्या पुढे मी चालेन आणि शेवटच्या मुलामागे आपल्यापैकी कोणी तरी असावे.